चार्टचे वेब कंपोनंट वेगवेगळ्या फ्रेमवर्कमध्ये वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच संस्थेत वेबपाने बांधण्याच्या फ्रेमवर्कपैकी कुठे रिॲक्ट, कुठे अँग्युलर, कुठे व्ह्यू असा कारभार चालू असतो आणि आलेख मात्र सगळीकडे सारखेच दिसावेत अशी अपेक्षा असते. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी हे पान लिहिले आहे. उदाहरणांत सर्वत्र एकच काल्पनिक टॅग वापरला आहे, धरण-आलेख. तो धरणातील रोजच्या पाणीसाठ्याच्या रेषा काढतो आणि कोयनेसाठी त्याच्या उभ्या अक्षाची कमाल १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) असते. कोडमधील नावे वाचनाच्या सोयीसाठी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहावी लागतात.

१. वेब कंपोनंट म्हणजे नेमके काय आणि चार्टसाठी त्याचा विचार का करावा?

कस्टम एलिमेंट (आपण नाव दिलेला टॅग), शॅडो डॉम (डॉम म्हणजे ब्राउझरमधील पानाची रचना; शॅडो डॉम हा तिचा बाहेरच्या पानापासून वेगळा राखलेला भाग) आणि टेम्प्लेट या तीन ब्राउझर-मानकांच्या आधारे आपण स्वतःचा एचटीएमएल टॅग घडवतो, त्याला वेब कंपोनंट म्हणतात. ही कल्पना २०११ मध्ये मांडली गेली. कस्टम एलिमेंटची आजची, म्हणजे पहिली स्थिर आवृत्ती क्रोममध्ये २०१६ साली, सफारीत २०१७ साली आणि फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. जानेवारी २०२० मध्ये एजने क्रोमियमचे इंजिन स्वीकारल्यावर ब्राउझर चालवेल की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

चार्टच्या बाबतीत हा मार्ग विशेष सोयीचा पडतो, कारण चार्टच्या पोटात फ्रेमवर्कला तसेही काही काम नसते. कॅनव्हासवर रेघ ओढणे हे चार्ट.जेएस किंवा ईचार्ट्ससारख्या लायब्ररीचे काम आहे आणि रिॲक्टच्या व्हर्च्युअल डॉमला त्या रेघेचा पत्ताही नसतो. असे असताना एकाच लायब्ररीभोवती रिॲक्टचे एक, व्ह्यूचे एक आणि अँग्युलरचे एक अशी तीन वेष्टने लिहायची आणि प्रत्येक दोष तीनदा दुरुस्त करायचा, यात वेळेखेरीज काही खर्ची पडत नाही आणि काही मिळतही नाही.

२. मग प्रत्येकाने हाच मार्ग धरावा काय?

नाही. तुमच्याकडे एकच फ्रेमवर्क असेल आणि पुढील दोन-तीन वर्षांत ते बदलण्याची चिन्हे नसतील, तर त्या फ्रेमवर्कचे नेहमीचे कंपोनंट लिहावे. वेब कंपोनंटमुळे सर्व्हर रेंडरिंग (पान सर्व्हरवरच तयार करणे), टाइपस्क्रिप्ट आणि स्टाइल या तिन्ही आघाड्यांवर थोडे जादा काम पडते. ते काम किमान दोन फ्रेमवर्कमध्ये वाटले गेले तरच परवडते.

३. आलेखाला डेटा ॲट्रिब्यूटमधून द्यावा की प्रॉपर्टीमधून?

प्रॉपर्टीमधून. या पानावरील निम्मे प्रश्न या एका उत्तरातून फुटलेले आहेत, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

ॲट्रिब्यूट टॅगमध्ये लिहिली जाते, तर प्रॉपर्टी हे त्याच एलिमेंटच्या जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टवरचे मूल्य असते. एचटीएमएल ॲट्रिब्यूट ही नेहमी स्ट्रिंग असते. शीर्षक, रंगसंगतीचे नाव, उंची अशा सुट्या गोष्टींसाठी ती उत्तम आहे, कारण ती साध्या एचटीएमएलमध्येही लिहिता येते. मात्र पाच वर्षांच्या रोजच्या नोंदी, म्हणजे सुमारे १,८२६ बिंदू, जेसन करून ॲट्रिब्यूटमध्ये कोंबले तर दर बदलाला संपूर्ण स्ट्रिंग तयार होते, ती डॉममध्ये साठते, कंपोनंट ती पुन्हा उलगडतो आणि तारखांचे ऑब्जेक्ट वाटेत स्ट्रिंग होऊन बसतात. प्रॉपर्टीतून तोच ॲरे जसाच्या तसा, केवळ संदर्भाने पोहोचतो.

ॲट्रिब्यूटचा आणखी एक सापळा आहे. बूलियन ॲट्रिब्यूट असली की खरी, नसली की खोटी, हा एचटीएमएलचा नियम आहे. त्यामुळे कोणी «लेजंड» (रेषांच्या रंगांची सूची) या ॲट्रिब्यूटला «फॉल्स» अशी किंमत दिली तरी ती असल्यामुळे खरीच ठरते आणि लेजंड दिसत राहतो. म्हणून जी गोष्ट मुळात चालू असते तिला बंद करणारी ॲट्रिब्यूट ठेवावी, म्हणजे «लेजंड» ऐवजी «नो-लेजंड».

४. रिॲक्टमध्ये डेटा दिला तरी चार्ट कोरा राहतो. असे का होते?

तुमची रिॲक्टची आवृत्ती आधी तपासावी. रिॲक्ट १८ पर्यंत कस्टम एलिमेंटला दिलेले सर्व प्रॉप्स ॲट्रिब्यूट म्हणूनच लिहिले जात. ऑब्जेक्ट दिला तर डॉममध्ये «[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]» एवढीच अक्षरे उमटत. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये धरण-आलेख टॅगवर ही अक्षरे दिसली तर निदान तिथेच झाले असे समजावे. त्या आवृत्त्यांत रेफ (एलिमेंटचा थेट संदर्भ) घेऊन इफेक्टमध्ये प्रॉपर्टी हाताने द्यावी लागते आणि इव्हेंटसाठी ॲडइव्हेंटलिसनर लिहावा लागतो.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिॲक्ट १९ ने ही अडचण दूर केली. त्या नावाची प्रॉपर्टी एलिमेंटवर असेल तर रिॲक्ट मूल्य प्रॉपर्टीत ठेवतो, नसेल तर ॲट्रिब्यूट लिहितो. येथे «असेल तर» हे शब्द महत्त्वाचे आहेत, त्यांचे परिणाम आठव्या प्रश्नात पाहावेत.

रिॲक्टमध्येच आढळणारी आणखी एक चूक म्हणजे जेएसएक्समध्ये (रिॲक्टच्या टॅगसारख्या लिखाणात) जागच्या जागी ॲरे किंवा ऑप्शनचा ऑब्जेक्ट लिहिणे. पालक कंपोनंट रेंडर झाला की दर वेळी नवा ऑब्जेक्ट तयार होतो, सेटर (प्रॉपर्टीला मूल्य दिले की चालणारे फंक्शन) चालतो आणि चार्ट ॲनिमेशनसकट पहिल्यापासून उभा राहतो. बाजूच्या शोधपेटीत एकेक अक्षर टाइप करताना आलेख उचकी लागल्यासारखा हलत असेल तर कारण बहुधा हेच असते. डेटा आणि ऑप्शन यूजमेमोमध्ये ठेवले की हे थांबते.

५. व्ह्यूमध्ये कोणती काळजी घ्यावी?

प्रथम कंपायलरला हा टॅग आपला आहे हे सांगावे लागते. व्ह्यू ३ मध्ये कंपायलरऑप्शन्समधील इजकस्टमएलिमेंट या फंक्शनने ते करता येते. ते न केल्यास कंपोनंट सापडला नाही अशी सूचना कन्सोलमध्ये येत राहते. हायफन असलेले सगळेच टॅग कस्टम आहेत असे सांगून मोकळे होऊ नये, कारण अनेक चमू स्वतःचे व्ह्यू कंपोनंटही हायफन देऊन लिहितात आणि मग ते निमूटपणे रेंडर होईनासे होतात. ठरावीक उपसर्ग तपासणे बरे.

दुसरी बाब रिॲक्टिव्हिटीची आहे. व्ह्यू ३ मधील रेफमध्ये (रिॲक्टच्या रेफहून वेगळा, बदल टिपणारा डबा) ठेवलेला ॲरे प्रॉक्सीत, म्हणजे मधल्या वेष्टनात, गुंडाळलेला असतो आणि तोच प्रॉक्सी कंपोनंटच्या हाती पडतो. काही चार्ट लायब्रऱ्या ॲरेला स्वतःचे टेहळे जोडतात आणि प्रत्येक बिंदू वारंवार वाचतात. तिथे प्रॉक्सीचा भार जाणवतो. मोठ्या डेटासाठी शॅलोरेफ वापरावा किंवा मूळ ॲरे मार्करॉ करून द्यावा. चार्ट.जेएसचे इन्स्टन्स रिॲक्टिव्ह डेटात ठेवल्यावर कॉल स्टॅक संपल्याची एरर अनेकांनी अनुभवली असेल. वेब कंपोनंटमध्ये ते इन्स्टन्स एलिमेंटच्या खासगी फील्डमध्ये राहत असल्यामुळे ही एक डोकेदुखी आपसूकच टळते.

६. अँग्युलर हा टॅग ओळखत नाही असे सांगतो. उपाय काय?

ज्या कंपोनंटच्या टेम्प्लेटमध्ये धरण-आलेख वापरला आहे त्याच्या स्कीमाज यादीत कस्टम एलिमेंट्स स्कीमा जोडावा. जुन्या पद्धतीच्या प्रकल्पात तो मॉड्यूलमध्ये जोडावा लागतो. त्यानंतर चौकटी कंसातील बाइंडिंग नेहमी प्रॉपर्टीच ठरवते आणि गोल कंसातील बाइंडिंग इव्हेंट ऐकते, म्हणून या बाबतीत अँग्युलर सुरुवातीपासूनच सरळ आहे. किंमत एवढीच की या स्कीमामुळे हायफनवाल्या टॅगवरची तपासणी पूर्णपणे बंद होते आणि प्रॉपर्टीच्या नावात एखादे अक्षर चुकले तरी कंपायलर अवाक्षर काढत नाही.

झोन.जेएस (घडामोडी टिपून अँग्युलरला कळवणारी लायब्ररी) वापरणाऱ्या प्रकल्पांत कामगिरीकडेही लक्ष द्यावे. चार्ट लायब्ररी कॅनव्हासवर माउसच्या हालचालीचा लिसनर लावते आणि तो झोनच्या आत लागला तर आलेखावरून माउस फिरवताना प्रत्येक हालचालीला संपूर्ण ॲप्लिकेशनचे चेंज डिटेक्शन (काय बदलले याची तपासणी) धावते. चार्ट उभा करण्याचे काम रनआउटसाइडअँग्युलरमध्ये करावे. झोनविना चालणाऱ्या नव्या प्रकल्पांना हा त्रास नाही.

७. स्वेल्ट, सॉलिड, लिट यांचे काय?

स्वेल्ट आणि सॉलिड ही फ्रेमवर्क आहेत, तर लिट ही वेब कंपोनंट लिहिण्याची लायब्ररी आहे. तिन्हींत फारसे काही करावे लागत नाही. स्वेल्ट एलिमेंटवर प्रॉपर्टी आहे का ते पाहून त्यानुसार वागतो. सॉलिडमध्ये «प्रॉप:» आणि लिटमध्ये नावाआधी टिंब देऊन प्रॉपर्टीच हवी असे स्पष्ट सांगता येते.

८. पान ताजे उघडल्यावर चार्ट कधी येतो, कधी येत नाही. हा लपंडाव कशामुळे?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी क्रमात असते. चार्टची फाइल मोठी असल्यामुळे ती बहुधा मागाहून लोड केली जाते. फ्रेमवर्क मात्र त्याची वाट न पाहता टॅग डॉममध्ये ठेवून त्याला डेटा देऊन मोकळे होते. त्या क्षणी ब्राउझरच्या दृष्टीने तो टॅग अनोळखी असतो. पुढे कंपोनंटची व्याख्या पोहोचली की तोच एलिमेंट अपग्रेड होतो. मधल्या काळात दिलेल्या डेटाचे काय होते, ते फ्रेमवर्कवर अवलंबून आहे.

रिॲक्ट १९ आणि व्ह्यू प्रॉपर्टी आहे का असे विचारतात. अनोळखी टॅगवर ती नसते, म्हणून दोघेही डेटा ॲट्रिब्यूटमध्ये लिहितात आणि तो स्ट्रिंग होऊन वाया जातो. व्ह्यूमध्ये बाइंडिंगला डॉट-प्रॉप जोडून प्रॉपर्टीची सक्ती करता येते. रिॲक्टमध्ये तशी सोय नसल्याने व्याख्या आधी लोड करणे हाच खात्रीचा उपाय.

अँग्युलरमध्ये वेगळीच गंमत होते. तो काही न विचारता प्रॉपर्टी ठरवतो. व्याख्या आलेली नसल्यामुळे ती एलिमेंटच्या अंगावर साधी प्रॉपर्टी म्हणून बसते आणि नंतर क्लासच्या प्रोटोटाइपवर आलेल्या सेटरला झाकून टाकते. डेटा कन्सोलमध्ये विचारला तर नीट दिसतो, सेटर मात्र कधीच चालत नाही. आमच्या एका सहकाऱ्याची पूर्ण दुपार यात गेली, कारण तो प्रत्येक वेळी कन्सोलमध्ये डेटा पाहून «डेटा तर आला आहे» असेच म्हणत होता.

याचा बंदोबस्त कंपोनंटच्या लेखकाने करायचा असतो. कनेक्टेडकॉलबॅकमध्ये प्रत्येक सार्वजनिक प्रॉपर्टीसाठी ती एलिमेंटच्या स्वतःच्या अंगावर आहे का ते हॅजओनप्रॉपर्टीने पाहावे. असेल तर तिचे मूल्य बाजूला काढावे, ती डिलीट करावी आणि तेच मूल्य पुन्हा ठरवावे, म्हणजे या वेळी ते सेटरमधून जाते. चार ओळींचे हे काम आहे. लिटसारखी लायब्ररी वापरल्यास ते आतूनच केलेले मिळते.

९. ॲरेमध्ये नवा बिंदू पुश केला, तरी रेघ पुढे सरकत नाही.

सेटर चालण्यासाठी नवे मूल्य द्यावे लागते. जुन्याच ॲरेत भर घातल्यास संदर्भ तोच राहतो, फ्रेमवर्कला बदल दिसत नाही आणि कंपोनंटपर्यंत काही पोहोचत नाही. नवा ॲरे तयार करून द्यावा. दर सेकंदाला बिंदू येत असतील तर दर वेळी हजारोंचा ॲरे नक्कल करण्याऐवजी कंपोनंटवर «बिंदू जोडा» अशा अर्थाची एक मेथड ठेवावी आणि ती रेफमधून बोलवावी. घोषणात्मक शैलीचे कट्टर पुरस्कर्ते याला नाक मुरडतील, पण वाहत्या डेटासाठी मेथड हाच सरळ मार्ग आहे असे आमचे मत आहे.

१०. इव्हेंटची नावे कशी ठेवावीत?

सर्व अक्षरे लहान लिपीतील ठेवावीत आणि शब्द जोडायला हायफन वापरावा किंवा काहीच वापरू नये. कोलन वापरल्यास अँग्युलरमध्ये अडचण येते, कारण तेथे कोलनच्या डावीकडे विंडो किंवा डॉक्युमेंट असे लक्ष्य लिहिण्याची रीत आहे. टिंब वापरल्यास व्ह्यू त्याला मॉडिफायर समजतो आणि जेएसएक्समध्ये तर ते नाव लिहिताच येत नाही.

इव्हेंट कस्टमइव्हेंट म्हणून पाठवावा आणि निवडलेल्या दिवसाची तारीख व साठा डिटेलमध्ये द्यावा. शॅडो डॉमच्या आतील एलिमेंटवरून तो निघत असेल तर बबल्स आणि कंपोज्ड ही दोन्ही मूल्ये खरी ठेवावी लागतात, अन्यथा तो यजमान एलिमेंटच्या (बाहेरच्या टॅगच्या) पलीकडे जात नाही. आम्ही इव्हेंट थेट यजमान एलिमेंटवरूनच पाठवतो, म्हणजे हा विचारच करावा लागत नाही. शिवाय माउसच्या प्रत्येक हालचालीचा इव्हेंट बाहेर पाठवू नये. वापरकर्त्याने काही निवडले, पट्टा ओढून कालावधी ठरवला, एवढेच बाहेर जाऊ द्यावे.

११. एरर नाही, डेटाही बरोबर आहे, पण चार्टची उंची किंवा रुंदी शून्य आहे.

कस्टम एलिमेंट मुळात इनलाइन असतो. त्याला उंची-रुंदी दिली तरी ती लागू होत नाही. शॅडो डॉममधील होस्ट सिलेक्टरला डिस्प्ले ब्लॉक आणि एक किमान उंची द्यावी.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे टॅब. धरण-आलेख न उघडलेल्या टॅबमध्ये असेल तर त्या क्षणी त्याची रुंदी खरोखरच शून्य असते आणि लायब्ररी त्या मापाने चित्र काढून बसते. रिसाइझऑब्झर्व्हर लावावा आणि रुंदी शून्यापेक्षा मोठी झाल्यावरच पहिले चित्र काढावे. फ्लेक्स मांडणीत खिडकी मोठी केली की आलेख मोठा होतो पण लहान केल्यावर आक्रसत नाही, ही तक्रार असल्यास त्या फ्लेक्स आयटमला किमान रुंदी शून्य द्यावी. कॅनव्हासची जुनी रुंदीच त्याला आक्रसू देत नसते.

१२. आमच्या सीएसएसचा चार्टवर परिणाम का होत नाही?

शॅडो डॉम त्यासाठीच असतो. बाहेरचे सिलेक्टर आत जात नाहीत, मात्र सीएसएस व्हेरिएबल वारशाने आत उतरतात. म्हणून रंग, अक्षरांचा आकार, जाळीच्या रेघांची जाडी यांसाठी कंपोनंटने ठरावीक व्हेरिएबल जाहीर करावेत आणि शीर्षकपट्टीसारख्या भागांना पार्ट ॲट्रिब्यूट द्यावी, म्हणजे त्यांना बाहेरून स्टाइल देता येते.

कॅनव्हासच्या बाबतीत एक पेच आहे. कॅनव्हासला व्हेरिएबल कळत नाही. त्याच्या फिलस्टाइलमध्ये व्हेरिएबलचे नाव लिहिले तर ते मूल्य दुर्लक्षिले जाते आणि आधीचा रंग कायम राहतो. गेटकंप्युटेडस्टाइलने प्रत्यक्ष रंग वाचून तो लायब्ररीला द्यावा लागतो. गडद थीम लावल्यावर पान काळे होते आणि अक्षावरचे आकडेही काळेच राहतात, त्याचे कारण हेच. थीम बदलली की रंग पुन्हा वाचून चित्र नव्याने काढावे.

१३. अक्षांवर मराठी नावे आणि मराठी अंक कसे आणावेत?

अंकांचे काम ब्राउझर स्वतःच करतो. इंटल.नंबरफॉरमॅटला «एमआर-आयएन» हे लोकेल दिले की १२३४५६७ ही संख्या १२,३४,५६७ अशी, देवनागरी अंकांत आणि लाखाच्या गटवारीने मिळते. ग्राहकाला गटवारी आपली आणि अंक रोमन वळणाचे हवे असतील तर लोकेललाच «यू-एनयू-लॅटन» असा विस्तार जोडता येतो. फॉरमॅटर हा कंपोनंटच्या आत एकदाच तयार करून ठेवावा. अक्षावरच्या प्रत्येक खुणेसाठी (टिकसाठी) नवा तयार केल्यास आलेख मंदावतो.

फाँटचे प्रकरण अधिक नाजूक आहे. पहिली गोष्ट, शॅडो रूटच्या आत लिहिलेला फाँट-फेस ब्राउझर धरत नाही. तो मुख्य दस्तऐवजातच असावा लागतो. दुसरी गोष्ट, कॅनव्हासवर चित्र काढतेवेळी फाँट उतरलेला नसेल तर पर्यायी फाँटातली अक्षरे उमटतात आणि फाँट आल्यावर ती आपोआप बदलत नाहीत. म्हणून आधी डॉक्युमेंट.फाँट्स.लोड याची वाट पाहावी असे सर्वत्र सांगितले जाते. पण त्यात एक खाच आहे. मुक्तासारखा फाँट वेबवरून घेतला तर त्याच्या लिपीनुसार वेगवेगळ्या फाइली असतात आणि कोणती फाइल हवी ते युनिकोड-रेंजवरून ठरते. लोड या मेथडला दुसरा आर्ग्युमेंट दिला नाही तर ती केवळ एका स्पेसचा विचार करते, रोमन अक्षरांची फाइल आणते आणि काम झाले असे कळवते. देवनागरीची फाइल तोवर मागवलेलीही नसते. दुसरा आर्ग्युमेंट म्हणून «कोयना» असा एखादा देवनागरी शब्द द्यावा, म्हणजे योग्य फाइल येते.

तिसरी गोष्ट लांब नावे कापण्याची. अक्षावर जागा कमी पडली की अनेक लायब्रऱ्या स्लाइसने स्ट्रिंग तोडतात. «कोल्हापूर» या शब्दाचे पहिले चार कोड युनिट घेतले तर «कोल्» असा लटकता हलन्त पदरी पडतो. इंटल.सेगमेंटर वापरून अक्षरगट मोजावेत. एप्रिल २०२४ मधील फायरफॉक्स १२५ पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. युनिकोड १५.१ च्या नियमांनुसार देवनागरी जोडाक्षरही अखंड राहते, जुन्या इंजिनांत मात्र ते हलन्तानंतर तुटू शकते. आम्ही कापण्याच्या फंदात पडतच नाही. जिल्ह्यांची किंवा धरणांची नावे असतील तर सरळ आडवे स्तंभ काढतो, म्हणजे नावांना पूर्ण ओळ मिळते. नावे तिरपी करणे आम्हाला पसंत नाही, कारण तिरप्या शिरोरेषा एकमेकींत घुसल्यासारख्या दिसतात आणि वरचा रफार खालच्या नावाचा वाटू लागतो.

१४. पान बराच वेळ उघडे ठेवले की मेमरी वाढत जाते.

डिस्कनेक्टेडकॉलबॅक तपासावा. त्यात चार्टचे इन्स्टन्स नष्ट करणे, रिसाइझऑब्झर्व्हर सोडणे आणि टायमर थांबवणे या तिन्ही गोष्टी हव्यात. आमच्या पहिल्या आवृत्तीत टायमर थांबवायचे राहून गेले होते. एका ग्राहकाच्या कार्यालयात भिंतीवरच्या पडद्यावर हे पान दिवसरात्र चालू असे आणि दर दहा मिनिटांनी धरण बदले. सोमवारी सकाळी कार्यालय उघडे तेव्हा पडद्यावर टॅब कोसळल्याचा संदेश असे. शनिवार-रविवारभर जुन्या आलेखांचे टायमर पाठीमागे साठत गेलेले असत.

साफसफाई करताना एक भान ठेवावे. एलिमेंट डॉममध्ये एका जागेवरून दुसरीकडे हलवला तरी आधी डिस्कनेक्टेड आणि मग कनेक्टेड असे दोन्ही कॉलबॅक चालतात. यादीतील क्रम बदलताना फ्रेमवर्क असे हलवाहलवीचे काम करतेच. त्यामुळे डिस्कनेक्टेडमध्ये जे मोडले ते कनेक्टेडमध्ये पुन्हा उभे करता आले पाहिजे. उभारणी कन्स्ट्रक्टरमध्ये केलेली असेल तर हलवलेला आलेख कायमचा कोरा होतो.

१५. नेक्स्ट किंवा नक्स्टमध्ये सर्व्हरवर एचटीएमएलएलिमेंट सापडत नाही अशी एरर येते.

नेक्स्ट (रिॲक्टसाठी) आणि नक्स्ट (व्ह्यूसाठी) पाने सर्व्हरवर नोडमध्ये तयार करतात. नोडमध्ये तो क्लास नसतो, म्हणून कंपोनंटची फाइल सर्व्हरवर इंपोर्ट होताच ती कोसळते. नेक्स्टमध्ये फाइलीच्या माथ्यावर «यूज क्लायंट» लिहिल्याने हे टळेल असा समज आढळतो, पण तसे लिहिलेले कंपोनंटही पहिल्या एचटीएमएलसाठी सर्व्हरवर रेंडर होतात. इंपोर्ट यूजइफेक्टच्या आत, नक्स्टमध्ये ऑनमाउंटेडच्या आत करावा.

डिक्लेरेटिव्ह शॅडो डॉम आता क्रोम, सफारी आणि २०२४ पासून फायरफॉक्स या तिन्हींत आहे, तेव्हा सर्व्हरवरून शॅडो डॉमही पाठवता येतो. पण कॅनव्हासच्या चार्टला त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण रिकामी चौकट पाठवून वाचकाला काही मिळत नाही. त्याऐवजी टॅगच्या आत आकड्यांचा साधा तक्ता ठेवून तो सर्व्हरवरून पाठवावा आणि व्याख्या न आलेल्या टॅगसाठी «नॉट-डिफाइन्ड» सिलेक्टरने किमान उंची राखून ठेवावी. मग आलेख येताना खालचा मजकूर उडी मारत नाही आणि स्क्रिप्ट अडकली तरी आकडे वाचता येतात.

१६. दृष्टिहीन वापरकर्त्यांना हा आलेख कळेल काय?

निव्वळ कॅनव्हास कळणार नाही. स्क्रीन रीडरसाठी ते एक मुके चित्र असते. कॅनव्हासला चित्राचा रोल आणि आशय सांगणारे लेबल द्यावे. «पाणीसाठ्याचा आलेख» एवढे लेबल पुरेसे नाही, त्यात रेघ कुठून कुठे गेली ते असावे. मागील उत्तरातील तक्ता येथेही कामी येतो. बाहेरच्या एलिमेंटचा आयडी शॅडो डॉमच्या आतून एरिया-डिस्क्राइब्डबायमध्ये देऊ नये, कारण तो संबंध शॅडोची सीमा ओलांडत नाही.

१७. हे नाव आधीच नोंदवले आहे अशी एरर आली. काय करावे?

एकाच पानावर कोडच्या दोन गठ्ठ्यांनी (बंडलांनी) धरण-आलेखची व्याख्या केली आहे. मायक्रो-फ्रंटएंडमध्ये, म्हणजे एका पानाचे भाग वेगवेगळे चमू बांधतात तेथे, हे हमखास घडते. नोंदणीपूर्वी कस्टमएलिमेंट्स.गेटने तपासणी केल्यास एरर जाते, पण मग जो गठ्ठा आधी पोहोचेल त्याची आवृत्ती सर्वांच्या माथी बसते आणि नेटवर्कच्या वेगानुसार ती बदलते. अशा शांत दोषापेक्षा ओरडणारी एरर बरी. कंपोनंटची फाइल सर्वांनी एकाच जागेवरून घ्यावी, ते शक्य नसल्यास मोठ्या आवृत्तीबदलाच्या वेळी टॅगच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक घालावा.

१८. टाइपस्क्रिप्टला टॅग कसा समजवावा?

रिॲक्टसाठी जेएसएक्सच्या इन्ट्रिन्सिकएलिमेंट्समध्ये नोंद करावी. रिॲक्ट १९ च्या टाइप्समधून जागतिक जेएसएक्स नेमस्पेस काढून टाकल्यामुळे जुनी नोंद निकामी होते. ती आता «डिक्लेअर मॉड्यूल रिॲक्ट» याच्या आत लिहावी लागते. व्ह्यूमध्ये ग्लोबलकंपोनंट्समध्ये आणि साध्या टाइपस्क्रिप्टसाठी एचटीएमएलएलिमेंटटॅगनेममॅपमध्ये नोंद करावी.

१९. चाचण्या कशा लिहाव्यात?

जेएसडॉममध्ये (चाचण्यांसाठीचे नकली ब्राउझर-वातावरण) कस्टम एलिमेंट चालतात, पण रिसाइझऑब्झर्व्हर नसतो आणि कॅनव्हासचे चित्रही तयार होत नाही. म्हणून प्रॉपर्टी आणि इव्हेंट यांच्या चाचण्या तेथे, आणि दिसण्याच्या चाचण्या प्लेराइटने खऱ्या ब्राउझरमध्ये कराव्यात. प्लेराइटचे लोकेटर खुल्या शॅडो डॉमच्या आत स्वतःहून शोधतात, मात्र एक्सपाथ वापरल्यास ते आत जात नाहीत.

२०. टॅगचे नाव देवनागरीत ठेवता येते काय?

अर्धवट ठेवता येते. नावाचे पहिले अक्षर रोमन लहान लिपीतील असावे लागते आणि नावात एक हायफन असावा लागतो. त्यापुढे देवनागरी अक्षरे मानकाला चालतात. म्हणजे नुसते «धरण-आलेख» चालणार नाही, पण आधी एक रोमन «एक्स» आणि हायफन लावून पुढे «धरण» लिहिले तर ब्राउझर ते बिनतक्रार नोंदवतो. आम्ही एकदा हौसेने करून पाहिले आणि ते चाललेही. मात्र संपादकात दर वेळी कीबोर्ड बदलावा लागू लागल्यावर दुसऱ्याच दिवशी ते नाव पूर्ण रोमन केले.